आकडा हातात घ्या

(ओझर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना जे मागं-पुढं झालं ते लिहिताना जुळवून घेतलंय. भाषा होती तशीच ठेवलीय.)



तुमच्या पत्रकावर माझ्या नावाआधी 'कवी' असं छापलंय. ते वाचून आई हसली. म्हणाली, "आरं, हमाल कुठं गेला यातला?" तर आधी तेच सांगून टाकतो. मी मुंबईच्या गोदीत माल चढवतो, उतरवतो. कंत्राटावर. शिक्षण मॅट्रिक, म्हणजे दहावी, तीही दुसऱ्या फेरीत. कविता लिहितो ते रात्री. आज कविता वाचणार नाही. आज आकडे वाचणार आहे. कुणाला झोप आली तर खुशाल झोपा. पण मरणाचे आकडे आहेत, झोप लागायची नाही.

आकडा हा शब्द मला दोन्ही बाजूंनी माहीत आहे. एक आकडा लोखंडाचा. पोत्यात अडकवायचा आणि ओढायचं. आता बराच माल डब्यातून येतो, क्रेन उचलते, तरी सुट्या पोत्यांचं काम निघालं की हा आकडा अजून हातात येतो. दुसरा आकडा कागदावरचा. तो ज्याच्या हातात असतो तो खोली देतो, रेशन देतो, पेन्शन देतो, नाहीतर देत नाही. आपल्या बापजाद्यांच्या हातात पहिलाच आकडा आला. दुसरा कसा धरायचा हे मी तीन-चार वर्षांपूर्वी शिकलो. तेच सांगायला आलोय.

ओझर माझं आजोळ. मे महिन्यात यायचो, बाणगंगेच्या पात्रात हुंदडायचो, आणि डोक्यावरून विमान गेलं की सगळी पोरं वर बघायची. १९६४ साली इथं मिग विमानांचा कारखाना निघाला, म्हणून अजून लोक 'ओझर मिग' म्हणतात. विमानाकडं मी शेवटी परत येणार आहे. आधी बापाकडं.

बाप मेला तेव्हा नोंदणीच्या खिडकीवर बाबूनं विचारलं, "वय?" आई म्हणाली, "पन्नास असतील. नाहीतर बावन्न." बाबूनं ५० लिहिलं. शाळेच्या दाखल्यावर बापाची जन्मतारीख १ जून. चुलत्याची १ जून. आत्याची १ जून. आमच्या अख्ख्या भावकीत आया जणू जूनच्या पहिल्या तारखेलाच बाळंत व्हायच्या! तुमच्याकडंही असंच असेल, हसू नका. पोर शाळेत घालायला आणलं की मास्तर तारीख विचारायचा, आजी म्हणायची दुष्काळाच्या अदल्या साली झाला, आणि मास्तर १ जून टाकून मोकळा व्हायचा. मरणाचं कारण काय लिहिलं? 'हृदयक्रिया बंद पडल्याने'. आता हृदय बंद न पडता मेलेला माणूस मला एक दाखवा. तीस वर्षं गंधक, खत, सिमेंट छातीत भरलं त्याची ओळ त्या कागदावर कुठंच नव्हती.

नातेवाईक म्हणाले, दारूनं गेला. कुणी म्हणालं, तेवढंच लिहिलं होतं नशिबात. मी बापाच्या टोळीतली माणसं बोटांवर मोजली. बारा जण. त्यातल्या चौघांनी साठी बघितली. आठ जण आधीच गेले. सगळ्यांचंच नशीब एका मुकादमानं लिहिलं होतं की काय?

हे मी आमच्या गोदीतल्या एका रिटायर टॅली क्लार्कला बोललो. आम्ही त्यांना टॅलीकाका म्हणतो. चहाच्या टपरीवर बसतात. ते म्हणाले, "पोरा, बारा माणसांवरून काही ठरत नसतं. बारा म्हणजे योगायोगही असू शकतो. पण तू विचारतोस तो प्रश्न खरा आहे, आणि त्याला कोष्टक आहे. लाइफ टेबल म्हणतात. आयुष्याचं कोष्टक. आपल्या टॅलीसारखंच असतं ते."

टॅली तुम्हाला सांगायला हवी. जहाजातून माल निघतो तेव्हा टॅली क्लार्क वही घेऊन उभा असतो. इतकी पोती निघाली, या टप्प्यावर इतकी फाटली, पुढं इतकी गेली. शेवटी गोदामात किती पोचली. आयुष्याच्या कोष्टकात पोत्यांच्या जागी पोरं. एक लाख पोरं एकाच दिवशी जन्माला आली असं धरायचं. पहिल्या रकान्यात वय. दुसऱ्यात, त्या वयाला मरण्याचा धोका किती. तिसऱ्यात, त्या वयापर्यंत किती उरली. चौथ्यात, त्या वर्षात किती गेली. पाचव्यात, त्या वर्षात उरलेल्यांनी मिळून किती वर्षं जगून काढली. मग सगळी जगलेली वर्षं बेरजेला घ्यायची आणि सुरुवातीच्या एक लाखांनी भागायची. जे उत्तर येतं त्याला म्हणतात जन्मवेळचं आयुर्मान. बस्स. यात बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार एवढंच आहे. सातवीपर्यंतचं गणित. पण सातवीत हे आपल्याला कुणी शिकवत नाही.

काकांनी मला जगातल्या पहिल्या कोष्टकांपैकी एक लिहून दिलं. १६६२ सालचं. लंडनमध्ये जॉन ग्रॉंट नावाचा एक कापडाचा, बटणांचा दुकानदार होता. विद्वान नव्हता, दुकानदार. प्लेगच्या भीतीनं लंडनमध्ये दर आठवड्याला मेलेल्यांच्या याद्या निघायच्या. इतरांनी त्या वाचून टाकून दिल्या. यानं जमवल्या आणि मोजल्या. त्या याद्यांत वय नसायचं, फक्त आजार असायचा. लहान पोरांचे आजार कुठले हे पाहून त्यानं अंदाज बांधला. शंभर पोरं जन्मली. सहाव्या वर्षाला उरली ६४. सोळाव्याला ४०. सव्विसाव्याला २५. छत्तिसाव्याला १६. सेहेचाळिसाव्याला १०. छप्पनाव्याला ६. सहासष्टाव्याला ३. शहात्तराव्याला १. ऐंशीला कोणी नाही.

मी वहीच्या मागच्या पानावर हे गणित स्वतः केलं. जन्मापासून सहापर्यंत शंभराचे चौसष्ट झाले, म्हणजे मधोमध ८२ धरा, गुणिले सहा वर्षं, झाली ४९२ वर्षं. सहा ते सोळा, चौसष्टचे चाळीस, मधोमध ५२, गुणिले दहा, ५२०. असं खालपर्यंत गेलो. शंभर पोरांनी मिळून जगलेली वर्षं आली सुमारे १८१९. भागिले शंभर. अठरा वर्षं! मी काकांना म्हणालो, लंडनमधली माणसं अठराव्या वर्षी मरत होती होय? काका म्हणाले, "आता सहाव्या वर्षाच्या पोराचं काढ." पहिली ४९२ वर्षं वजा केली, उरली १३२७. भागिले ६४. उत्तर जवळपास २१. म्हणजे बघा, नुकत्याच जन्मलेल्या पोरापुढं अठरा वर्षं, आणि सहा वर्षं जगून झालेल्या पोरापुढं एकवीस. जगलं तसं पुढचं आयुष्य वाढलं! कारण सगळ्यात मोठी कापणी पहिल्या सहा वर्षांतच झाली होती.

हे डोक्यात पक्कं करा. यावर मोठमोठे लोक चुकतात. आपल्या देशात १९०१ ते १९११ या काळाचं आयुर्मान होतं सुमारे २३ वर्षं. १९११ ते १९२१ मध्ये सुमारे २०, कारण मधे १९१८ ची साथ आली. भाषणात लोक सांगतात, तेव्हा माणसं विशीत मरायची. तसं नव्हतं. म्हातारेकोतारे तेव्हाही होते. पण पाळण्यातली पोरं इतकी मरत होती की त्यांनी सगळ्या बेरजेला खाली ओढलं. एक वर्षाचं पोर गेलं की त्या बेरजेतून साठ-सत्तर वर्षं जातात. साठीचा माणूस गेला की दहा-पंधरा.

आपल्या घरात हे कोष्टक बाबासाहेबांपासून आहे. रामजी सुभेदारांना चौदा मुलं झाली, बाबासाहेब चौदावे. त्यातली मोजकीच मोठी झाली. पुढं रमाई आणि बाबासाहेबांना पाच मुलं झाली, चार लहानपणीच गेली. राजरत्न गेला १९२६ साली. तेव्हा बाप बॅरिस्टर होता, लंडनची पदवी होती, विधिमंडळाच्या उंबऱ्यावर होता. तरी पाचातली चार. रमाईचं दुःख आपण गाण्यांतून गातो. ते गायलाच पाहिजे. पण ती चार पोरं कोष्टकाच्या सगळ्यात वरच्या ओळीत मोजायलाही पाहिजेत. तिथं देशातली कोट्यवधी पोरं उभी आहेत.

आता कुणी म्हणेल, ते जुनं झालं, आता आयुर्मान वाढलं. वाढलंय, आणि ते नाकारायचं नाही. सरकारची नमुना नोंदणी आहे. १९६९-७० पासून देशभरातली ठराविक गावं आणि शहरांतले ठराविक भाग घेऊन तिथला प्रत्येक जन्म, प्रत्येक मृत्यू टिपतात आणि त्यावरून कोष्टकं बनवतात. त्यात १९७०-७५ चं देशाचं आयुर्मान ४९.७ आलं. २०१६-२० चं आलं ७०. पन्नास वर्षांत वीस वर्षांची भर. कशानं? १९७१ साली जन्मलेल्या हजार पोरांतली १२९ वर्षाच्या आत जायची. २०२० मध्ये २८. महाराष्ट्रात १६. लस आली, पाणी आलं, बाळंतपण दवाखान्यात आलं. ही लढून मिळवलेली वर्षं आहेत.

फक्त एक लक्षात ठेवा. सत्तर हे भविष्य नव्हे. आज जन्मलेलं पोर सत्तराव्या वर्षी मरेल असं त्यात कुठंही लिहिलेलं नाही. २०१६ ते २० मध्ये ज्या वयाची माणसं ज्या वेगानं मेली, तोच वेग जन्मभर राहिला तर सरासरी सत्तर वर्षं मिळतील, एवढाच त्याचा अर्थ. उद्या वेग बदलला की कोष्टक बदललं. सरासरी म्हणजे कुणा एकाचं नशीबही नाही. अण्णा भाऊ साठे १९६९ मध्ये अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेले. आपल्याच जिल्ह्यातले बाबुराव बागूल २००८ पर्यंत जगले, सत्त्याहत्तर वर्षं. वामनदादा कर्डक ऐंशी ओलांडून गेले. तिघंही ज्या वस्त्यांतून आले, तिथल्या मरणाचा वेग एका माणसावरून कळत नाही. तो शेकड्यानं, हजारानं मोजावा लागतो.

आणि सरासरीच्या पोटात काय काय दडलेलं असतं! केरळचं आयुर्मान ७५ च्या आसपास, छत्तीसगडचं ६५ च्या. एकाच देशात, एकाच झेंड्याखाली, दहा वर्षांचा फरक. सरकार ही कोष्टकं राज्यवार छापतं. गाव-शहर वेगळं छापतं. बाई-पुरुष वेगळं छापतं. जातवार छापत नाही.

जातवार मोजता येत नाही असं म्हणतात, त्यांना मी १९१८ ची मुंबई दाखवतो. साहेबानं मोजलं होतं. त्या वर्षीच्या जूनमध्ये तापाची साथ शिरली ती गोदीतूनच. पहिल्यांदा पोलीस शिपाई आजारी पडले, त्यात गोदीवर पहाऱ्याला असलेला होता. चार-आठ दिवसांत पोर्ट ट्रस्टचे कामगार, मग टांकसाळ, मग गिरण्या. म्हणजे माझ्याच कामाच्या जागेवरून. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ती परत आली ती माणसं खायलाच. त्या साथीत मुंबईतली मरणं जमातवार मोजली गेली. हजारी किती मेले ते ऐका. युरोपियन ८.३. पारशी ९. मुसलमान १९.२. हिंदूंमधल्या इतर जाती १८.९. आणि 'खालच्या जाती' म्हणून जो रकाना होता त्यात ६१.६.

एकच शहर, एकच हवा, एकच जंतू. हजारी आठ आणि हजारी एकसष्ट. जंतूला जात कळत नव्हती. पण कुणाच्या खोलीत किती माणसं झोपतात, कुणाला आजारपणात दोन दिवस घरी पडून राहता येतं, कुणाच्या घरी डॉक्टर पायरी चढतो, हे त्या शहराला बरोबर कळत होतं. त्या काळाच्या दोन दशकं आधीचा प्लेग आठवा. तोही १८९६ मध्ये गोदीलगतच्या मांडवीत पहिल्यांदा सापडला. त्याच प्लेगात पुण्यात सावित्रीबाई आजारी पोराला पाठीवर घेऊन दवाखान्यात गेल्या आणि १८९७ साली स्वतः गेल्या.

आणखी एक. गावगाड्यात मौताची खबर परगावी पोचवायचं काम कुणाचं होतं? महाराचं. उन्हातान्हात, रात्री-अपरात्री, पाटलाची म्हातारी मेली की आमचा पणजा दहा कोस चालत जायचा सांगायला. दुसऱ्याच्या मरणाचे निरोपे आम्ही. आमचं मरण सांगायला कोण कुठं गेला?

आता माझी चूक सांगतो. ही सांगितल्याशिवाय मला खाली बसायचा अधिकार नाही.

दोन-तीन वर्षांपूर्वी एका सभेत मी ओरडून बोललो, "दलित बाई सवर्ण बाईपेक्षा साडेचौदा वर्षं आधी मरते!" टाळ्या पडल्या. आकडा हवेतला नव्हता. संयुक्त राष्ट्रांच्या बायकांविषयीच्या २०१८ च्या अहवालात तो होता, १४.६ वर्षं. पेपरांत छापून आला होता. सभेनंतर काकांनी मला बाजूला घेतलं. "तो आकडा कशाचा आहे, वाचलास का?" मी म्हणालो, आयुर्मानाचा. ते म्हणाले, "नाही. तो मेलेल्यांच्या सरासरी वयाचा आहे. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे."

मी भडकलो. म्हटलं, काका, तुम्ही आमचं दुःख कमी करायला निघालात. त्यांनी टपरीच्या कागदावर हिशेब मांडला. तोच तुम्हाला सांगतो. समजा दोन वस्त्या आहेत. दोन्हीकडं मरणाचा वेग अगदी सारखा. वर्षाला शंभर पोरांतलं एक जातं, शंभर म्हाताऱ्यांतले पाच जातात. पहिल्या वस्तीत ९०० पोरं आणि १०० म्हातारे. तिथं वर्षात ९ पोरं मेली, ५ म्हातारे मेले. पोरांचं वय दोन धरा, म्हाताऱ्यांचं सत्तर. मेलेल्यांचं सरासरी वय आलं २६. दुसऱ्या वस्तीत १०० पोरं, ९०० म्हातारे. तिथं १ पोर मेलं, ४५ म्हातारे मेले. सरासरी वय आलं ६८. वेग सारखा, धोका सारखा, आणि मेलेल्यांच्या वयात बेचाळीस वर्षांचा फरक! का? तर एकीकडं पोरंच जास्त होती म्हणून. आपल्या वस्त्यांत तरणी माणसं आणि पोरं जास्त असतात. म्हणून नुसतं मेलेल्यांचं वय काढलं की फरक फुगतो. कोष्टकात तसं होत नाही, कारण ते प्रत्येक वयाला विचारतं, या वयाचे जिवंत किती होते आणि त्यातले गेले किती. मेलेल्यांबरोबर जिवंतही मोजावे लागतात.

मग खरा आकडा काय? २०२२ साली तीन संशोधकांनी तो काढला. आसाम, बिहार, झारखंड, छत्तीसगड, मध्य प्रदेश, ओडिशा, राजस्थान, उत्तर प्रदेश, उत्तराखंड, या नऊ राज्यांतल्या सुमारे दोन कोटी माणसांची २०१०-११ ची पाहणी घेतली आणि जातवार कोष्टकं बनवली. सवर्ण हिंदूंपेक्षा आदिवासींचं आयुर्मान चार वर्षांहून जास्त कमी. दलितांचं तीन वर्षांहून जास्त कमी. मुसलमानांचं सुमारे एक वर्षानं कमी. महाराष्ट्र त्यात नाही, म्हणून हा आकडा ओझरला जसाच्या तसा चिकटवू नका.

चौदावरून तीनवर आलो तर पोरं निराश झाली. एक जण म्हणाला, एवढंच? मी त्याला म्हटलं, हिशेब कर. हजार माणसांची वस्ती धर. माणशी तीन वर्षं. तीन हजार वर्षं चोरीला गेली एका वस्तीतून. आपल्या गोदामातून हजार पोत्यांमागं तीन-तीन किलो माल गेला असता तर मालकानं पोलीस बोलावले असते.

आणि त्या अभ्यासातली खरी मेख वेगळीच आहे. नेहमी आपल्याला ऐकवतात की बाबांनो, हा जातीचा प्रश्न नाही, गरिबीचा आहे. पैसा आला की सगळं समान. त्या संशोधकांनी घरची सांपत्तिक स्थिती हिशेबात धरून पाहिलं. तिनं निम्म्याहून कमी फरकाचा उलगडा झाला. उरलेला निम्म्याहून जास्त फरक पैशानं सुटत नाही. चौदा वर्षांच्या आकड्याला कुणीही आकडेशास्त्राचा मास्तर एका मिनिटात आडवा करील, आणि त्याच्यासोबत आपल्यालाही खोटारडं ठरवील. तीन वर्षांच्या या आकड्याला त्याला उत्तर द्यावं लागतं.

पण दोस्तहो, आकडा दुधारी असतो. अमेरिकेतल्या काळ्यांचा इतिहास यासाठी वाचा. १८८१ साली तिथल्या प्रुडेन्शियल विमा कंपनीनं ठरवलं की काळ्या माणसानं हप्ता गोऱ्याएवढाच भरायचा, पण मेल्यावर रक्कम मिळेल एक तृतीयांश कमी. कारण काय, तर काळे लवकर मरतात. १८९६ मध्ये त्याच कंपनीच्या हॉफमन नावाच्या आकडेतज्ज्ञानं जाडजूड पुस्तक लिहिलं की हे मरण त्यांच्या रक्तातच आहे. त्याला उत्तर दिलं डु बॉइस या काळ्या विद्वानानं. तो आकडे नाकारत बसला नाही. तो म्हणाला, युरोपातल्या कित्येक शहरांत गोऱ्यांचं मरणही एवढंच आहे, मग त्यांच्याही रक्तात काही आहे का? पुढं तो फिलाडेल्फियाच्या काळ्या वस्तीत घरोघर फिरला आणि १८९९ मध्ये दाखवून दिलं की खोली, पाणी, काम, मजुरी यांत मरण आहे. आपल्याकडंही उद्या जातवार आकडे निघाले की कुणीतरी हॉफमन उठेल. म्हणेल, यांच्या सवयीच तशा, दारू, तंबाखू, घाण. म्हणून आकडा निघाला की अर्थ लावायला आपला माणूस तिथं बसलेला पाहिजे.

आता विमानाकडं येतो. कारखान्यात काम केलेल्या कुणालाही विचारा. विमानाचं इंजिन किती तास चाललं हे लिहून ठेवतात. ठराविक तास झाले की ते उतरवायचं, उघडायचं, तपासायचं. कुठल्या भागाचं आयुष्य किती तास हे ठरलेलं असतं. एक तास जास्त चालवत नाहीत, कारण हवेत बंद पडलं तर माणूस मरतो. मला त्यात काही वावगं वाटत नाही. उलट तेच बरोबर आहे. मी एवढंच विचारतो की इथून दोन-चार मैलांवर द्राक्षबागेत पाठीवर पंप घेऊन औषध मारणाऱ्या बाईच्या फुप्फुसाचे तास कुणी लिहिलेत? गटारात उतरणाऱ्याचे? माझ्या बापाच्या छातीचे? लोखंडाच्या आयुष्याची वही आहे. ती ठेवता येते, हे ओझरला सांगायची गरज नाही.

मग मागायचं काय? कोष्टकाला दोन आकडे लागतात. खाली जिवंत किती, वर मेले किती. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारनं जाहीर केलं की येत्या जनगणनेत जात मोजणार. सगळे नाचले. मीही नाचलो. पण त्यानं जिवंतांचा आकडा मिळेल. मेलेल्यांचा जातवार आकडा कुठून आणणार? मृत्यूच्या दाखल्यावर जात नसते. म्हणून मागणी अशी पाहिजे की नमुना नोंदणीत जात टिपा आणि कोष्टकं जातवार छापा. दाखल्यावर जात लिहून गावभर मिरवायची गरज नाही. मोजणीच्या कागदात टिपा, नावं गुप्त ठेवा, बेरीज उघड करा. जनगणनेत जात मोजली आणि मरणात नाही मोजली, तर आपल्याला फक्त आपली संख्या कळेल. ती संख्या किती वर्षं टिकते ते कळणार नाही. साठीनंतरच्या पेन्शनच्या गप्पा ऐकताना हाच प्रश्न विचारायचा असतो. शंभरातले किती साठीपर्यंत पोचतात, आणि कुणाचे किती?

आणि जे आपल्या हातात आहे ते आजपासून. १९६९ च्या कायद्यानं जन्म-मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत करायची असते. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याच्या हुकुमाशिवाय होत नाही. पोर जन्मलं की खरी तारीख लिहा, १ जून पुरे झाले. पाळण्यात गेलेलं पोरही लिहा. आपल्या बाया म्हणतात, दोन दिवसांचं लेकरू, त्याची कसली नोंद? आई, त्याचीच नोंद पहिली. मयताच्या कागदावर धंदा विचारतात, तिथं 'मजुरी' म्हणून सुटू नका. कसली मजुरी ते लिहायला लावा. फवारणी, दगडखाण, सफाई, गोदी. कारणापाशी 'हृदय बंद' लिहिलं तर डॉक्टरला विचारा, कशानं बंद पडलं?

वस्तीची एक वही ठेवा. पाचशे माणसांच्या वस्तीत वर्षाला तीन-चार मरणं होतात. त्यावरून एका वर्षात काही सिद्ध होणार नाही, टॅलीकाकांनी मला बारा माणसांवर थांबवलं तसं मीही तुम्हाला थांबवतो. पण दहा वस्त्यांनी दहा वर्षं ठेवली तर ती वही कुणाच्याही टेबलावर आपटता येईल. तोवर मरणाचा हिशेब नीट ठेवणं हीच चळवळ समजा. मोर्चाला जाताना ती सोबत घ्या.

मला कविता वाच म्हणाला होतात. माझ्याकडं आज ही दोनशे पानी वही आहे. चार रकाने आखलेत. बाई की पुरुष, वय, धंदा, कशानं. नाव लिहायचं नाही. तुम्ही एकेकानं उठून घरातलं शेवटचं मरण सांगायचं. लाजायचं नाही, रडू आलं तर रडायचं, पण वय आठवून सांगायचं.

पहिली ओळ मी लिहितो. पुरुष. वय ५० की ५२, नक्की माहीत नाही. धंदा, गोदी हमाल. कशानं, ते कुणी तपासलं नाही.

दुसरी ओळ कोण सांगतंय?

जय भीम.